ईस्टरचा चुना

आता तेही मीच सांगायचं? खोली बघायला आलात ना बाई, मग खोली बघा — खिडकी समुद्राकडं, नळाला पाणी, पलंग कुरकुरतो, संपलं. आधीची बाई का गेली म्हणे! बेकरीवालीनं सांगितलं असणार, तिच्या तोंडाला झाकण नाही. बसा त्या पायरीवर. बॅग ठेवा खाली, जाताय कुठं? वाऱ्यानं बोट बंद आहे, आणि गावातली सगळी दारं ठोठावून झाल्यावरच माझ्याकडं आलात, मला काय कळत नाही?

एव्हान्थिया तिचं नाव. गणिताची. तुमच्यासारखीच हंगामी — सप्टेंबरात नेमणूक, जूनमध्ये घरी, पुढच्या साली सरकार कुठल्या बेटावर फेकेल देव जाणे. मे लागला की पर्यटक येतात आणि मास्तरणी रस्त्यावर, इथं असंच चालतं. मी म्हटलं, परीक्षा संपेपर्यंत राहा. शब्द दिला. चांगली होती हो. कॉफी मात्र कडू जहर करायची. म्हणायची, "झानीकाका, तुम्ही हसलात तर भिंत पडेल."

चूक काय केली? ईस्टरला आईकडं गेली — हीच चूक! सामान खोलीत, किल्ली माझ्याकडं. ईस्टरच्या आधी इथं घराघराला चुना लागतो. माझा मुलगा अथेन्सहून आला, म्हणाला, बाबा, वरची खोलीही मारून घ्या. मारली. तिच्यासाठीच ना — परत येईल, पांढरीशुभ्र खोली बघेल — तिची पुस्तकं चादरीत बांधून बाजूला काढली, हो, मीच काढली, डाग पडू नयेत म्हणून! असं बघू नका माझ्याकडं.

बोटीतून उतरली ती, हातात ईस्टरची रंगवलेली लाल अंडी, माझ्यासाठी. आणि वर खिडकीत परदेशी जोडपं टॉवेल वाळत घालतंय. मुलगा पायरीवर, तुम्ही बसलात तिथंच. "बाई, तुमचं सामान होडीच्या शेडमध्ये ठेवलंय." मी ओरडलो, अरे, मी शब्द दिलाय! तर म्हणतो, "शब्द तुमचा, घर माझं." चार माणसांत. तिच्या वर्गातल्या पोरांसमोर — निम्मी शाळा बंदरावर होती. घर त्याच्या नावावर केलं होतं ना मी, त्याची आई गेली तेव्हा. तुमच्या डोक्याला ताप नको म्हणाला होता.

तिनं नोकरी सोडायची? सोडून बघा, पुढं नेमणूक कोण देतं ते. ठाऊक आहे ना, मग तोंड का फिरवता? जूनपर्यंत ती शाळेत झोपली, प्रयोगशाळेत, टेबलांच्या मागं. सकाळी पोरं दार वाजवून आत यायची — स्वतःच्याच वर्गाचं दार! आंघोळीला शेडमधल्या नळावर यायची, मी बाहेर पाठ करून बसायचो, कुणी येऊ नये म्हणून, अंथरूण तिथंच होतं माझं — काय? माझं अंथरूण शेडमध्ये कसं? म्हणालो का मी तसं? ... म्हणालो. बरं. खालची खोलीही देतो तो उन्हाळ्यात. माझा पलंग, भिंतीवरच्या बायकोच्या फोटोसकट. दर मे महिन्यात मी जाळ्यांवर झोपतो. झालं समाधान?

अंडी दिलीच तिनं. म्हणाली, रिवाजाप्रमाणं अंड्यावर अंडं आपटा की काका, कुणाचं टिकतंय बघू. माझा हात नाही उठला.

घ्या खोली. पण ईस्टरला घरी जायचं नाही, आई रडली तरी. कुलूप बदललंय मी, किल्ली ही एकच, तुमच्याकडं ठेवा. मुलगा येईल चुन्याची बादली घेऊन, गोड बोलेल, दार उघडू नका. माझ्या हाकेलाही उघडू नका — तो मलाच पुढं करेल, आणि मी येईन, त्याच्या घरात राहतो मी. आधी त्यानं तिची माफी मागावी, मग माझी. अजून मागितलेली नाही.

जा आता वर. काय, त्याचं नाव? सांगितलं की, माझाच मुलगा. निकिफोरोस.