पदराला चिकटलेली शेंग

मेथी ओळखायला काय लागतं, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या शेवंताकाकूंनाही वाटायचं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, परळचा बाजार बंद. तरी काकू तबेल्याच्या कोपऱ्यावरून मेथीचा भलामोठा भारा घेऊन आल्या. "मोर्चा बघून भाजीवाला टाकून पळाला असणार," म्हणाल्या. चाळीच्या गॅलरीत बायका निवडायला बसल्या. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. एक काडी उचलली आणि सांगून टाकलं, "काकू, ही मेथी नाही. हा लसूणघास, घोड्याचा चारा."

"अगो, तीन तीन पानं दिसत नाहीत तुला?"

"ती दोघांनाही असतात. फूल बघा, जांभळं आहे. मेथीचं पांढरट पिवळं असतं."

काकूंनी भाऱ्यातून नेमकी पिवळ्या फुलाची काडी शोधून माझ्या नाकासमोर धरली. "मग हे काय?"

"तो लसूणघासाचा रानटी भाऊ, चाऱ्यात उगवतो. मेथीची शेंग लांब आणि टोकदार. याची गोल गुंडाळलेली, वर काटे. तुमच्या पदराला चिकटलीय बघा."

काकूंनी शेंग सोडवली, उलटीसुलटी करून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "फोडणीत लसूण जास्त घाल."

भाजी झाली, ताटंही उचलली गेली. तेवढ्यात व्हिक्टोरियावाला दारात. "काकी, तबेल्याबाहेरचा चारा कोणी नेला? माझा घोडा सकाळपासून उपाशी उभा आहे."

काकूंनी पदराला हात पुसले. "उपाशी कसला? हरताळात सामील झालाय तो."