दीपगृहापाशी काय केलंत?

“दुसरा भाग त्याने स्वतः खेळल्याशिवाय तिसरा देऊ नकोस,” हे वारलेल्या नवऱ्याचं सांगणं वहिनी विसरली नव्हती. बसच्या रांगेत धाकटा दीर त्याच व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या भागाची सीडी मागत होता. मागची बाई कान देऊन ऐकत होती.

“खेळलो वहिनी, देवाशपथ.”

“देवाला मध्ये आणू नका, भावजी. दीपगृहापाशी काय केलंत?”

“पहारेकऱ्याला लोळवलं.”

“तिथे चिटपाखरू नाही. नुसतं बसून समुद्र बघायचा असतो.”

“बघण्यात कसला आलाय खेळ?”

“एखाद्या चित्रासमोर उभे राहता, तेव्हा काय करता? तुमचे दादा तिथे रडले होते.”

“दादा? मला कधी बोलला नाही.”

“म्हणून तर तुम्ही स्वतः खेळावं म्हणाले.”

“खेळतो. या वेळी खरंच.”

बस आली. तो रांगेतून बाहेर पडला आणि घराकडे चालू लागला.