शेवटच्या चार मात्रा

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी नुसती उडत होते. बाबांनी पहिल्यांदाच स्वतःची धून बांधलेली आणि संध्याकाळी मानपाड्याच्या हॉलमध्ये ते ती क्लॅरिनेटवर वाजवणार होते. वाजवताना दोन्ही हात अडकलेले, पान कोण उलटणार? म्हणून मी कॉम्प्युटरवर सगळं नोटेशन एका पानात बसवत होते. समास कमी केला, ओळी जवळ आणल्या, तरी शेवटच्या चार मात्रा दुसऱ्या पानावर जायच्याच.

शेवटी म्हटलं, "बाबा, धून थोडी कापू का?"

त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. "अगं, त्या चार मात्रांत सूरच नाही. तिथे मी गप्प असतो. त्याला कागद कशाला?"

आतून आई म्हणाली, "अहो, मग तेवढ्या घरीपण वाजवत जा."