जनूदादांच्या दाखल्यातलं शेवटचं वाक्य

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक माननीय महिपती वैद्यसाहेब, व्यासपीठावरचे मनुष्यबळ अधिकारी जितेश सावंतसाहेब, आजचे सत्कारमूर्ती श्री. जनू दरवडा, म्हणजे आमचे जनूदादा, पहिल्या रांगेत बसलेल्या चंद्रीवहिनी आणि त्यांची लेक रविना, बारवीकडच्या पाड्यावरून टेम्पो करून आलेली मंडळी, आणि पहिली पाळी संपवून जेवणाच्या आशेनं थांबलेल्या माझ्या मित्रांनो,

मी साईनाथ भोपी, उत्पादन व्यवस्थापक. मला आज चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. ते मी घरून लिहूनही आणले होते, हा बघा कागद. पण दहा मिनिटांपूर्वी जितेशसाहेबांनी जनूदादांचा सेवेचा दाखला वाचून दाखवला. त्यातलं शेवटचं वाक्य आपण नीट ऐकलंत का? "एक गंभीर चूक वगळता सेवा समाधानकारक." आणि त्यावर आपण टाळ्या वाजवल्या! अंगावर शाल, हातात नारळ, आणि अडतीस वर्षांच्या नोकरीवर हा शेरा. अहो, बायकोमुलीसमोर माइकवरून वाचायची गोष्ट आहे का ही? मला राग आलाय, साहेब. आणि तो नुसता जितेशसाहेबांवर नाही.

पाड्यावरच्या मंडळींसाठी आधी थोडं समजावून सांगतो. आम्ही आत ब्युटाइल ब्रोमाइड बनवतो, ते औषधाच्या कारखान्यांना जातं. ब्युटेनॉल नावाचं अल्कोहोल घ्यायचं. हसू नका, हे प्यायचं नव्हे! चंद्रीवहिनींच्या भावानं एकदा लग्नासाठी कॅनभर मागितलं होतं, तर जनूदादा आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. तर त्या अल्कोहोलमध्ये हायड्रोब्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्ल घालून रिअ‍ॅक्टरमध्ये तापवायचं, तयार माल डिस्टिल करून काढायचा आणि धुवायचा. पाण्यानं धुतला की माल खाली बसतो, कारण तो पाण्याहून जड. पण उरलंसुरलं अल्कोहोल काढायला मध्ये एकदा घट्ट सल्फ्युरिकनं धुवावं लागतं, आणि ते मालाहूनही जड. तिथे आम्ल खाली आणि माल वर. दिसायला दोन्ही पाण्यासारखेच. एरवी खालचा थर ड्रममध्ये घ्यायची सवय झालेला हात त्या एका वेळी चुकतो.

जनूदादांचा चुकत नसे. त्यांच्याकडे लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती. ड्रम भरण्याआधी व्हॉल्व्हमधून चमचाभर काढायचं आणि बरणीतल्या पाण्यात सोडायचं. तळाला तेलाचे मणी बसले तर माल. पाण्यात विरलं आणि बरणी कोमट झाली तर आम्ल. चौथी शिकलेल्या माणसानं कोणी न सांगता शोधून काढलेली ही रीत. आम्ही तिला हसायचो.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी उल्हासनगरच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन आलेलो, नोकरीचा तिसरा महिना, अजून कायम झालो नव्हतो. सकाळी दहाचा सुमार, आम्लाची धुलाई नुकतीच झाली होती. मी म्हणालो, "खालचा माल आहे, ड्रम भर." जनूदादा म्हणाले, "सायेब, जरा बरनीत बगू द्या." त्यावर मी काय म्हणालो असेन? "बीएस्सी तू आहेस की मी?" माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठ्या माणसाला! ते जागचे हलले नाहीत, तेव्हा व्हॉल्व्ह मी उघडला.

जितेशसाहेब, घड्याळ दाखवू नका. ही गोष्ट एकोणीस वर्षं थांबली आहे, आपणही पाच मिनिटं थांबू.

तळाशी धुण्याचं पाणी राहिलेल्या पत्र्याच्या ड्रममध्ये आम्ल पडलं. ड्रम फसफसून तापला, तोंडातून उडायला लागलं आणि मी नुसता बघत उभा. जनूदादांनी मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि त्या उडणाऱ्या आम्लात हात घालून व्हॉल्व्ह बंद केला. भर मे महिन्यात हा माणूस लांब बाह्यांचा शर्ट का घालतो, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारलं?

मग चौकशी बसली. व्हॉल्व्ह कोणी उघडला? मी टेबलाकडे बघत राहिलो. जनूदादा म्हणाले, "मी." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमी नवीन हाव, काडून टाकतील. मला कशाला काडतील? रिअ‍ॅक्टर कोन चालवंल?"

खरंच, काढलं नाही त्यांना. वरही जाऊ दिलं नाही. तीन वेळा पाळीप्रमुखाच्या जागेसाठी त्यांचं नाव गेलं, तीन वेळा तो चौकशीचा कागद फाइलमधून बाहेर आला. त्या चौकशी समितीत चार शिकलेली माणसं होती. आधीची एकोणीस वर्षं एकदाही थर न चुकलेला माणूस आजच कसा चुकला, असं एकालाही विचारावंसं वाटू नये? पाड्यावरचा माणूस आहे, चुकला असेल! किती पटकन पटलं सगळ्यांना. आणि तसं पटणं माझ्या किती सोयीचं होतं!

अजून ऐका. प्लांटच्या भिंतीवर कार्यपद्धती लावली आहे. "थर ओळखण्याची चाचणी", म्हणजे तीच बरणीची रीत. खाली लिहिलंय, तयार करणार साईनाथ भोपी. त्याबद्दल मला सुरक्षेचं बक्षीस मिळालं. चिखलोलीच्या माझ्या फ्लॅटमध्ये ते शोकेसमध्ये ठेवलंय. ते घेताना मला लाज वाटली नाही, आणि याचा मला आज सगळ्यात जास्त संताप येतोय.

रविना, दाखला वाचला तेव्हा तू मान खाली घातलीस, मी पाहिलं. वर बघ, बाळ. तुझ्या बाबांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. चंद्रीवहिनी, तुम्ही आत्ता ज्या नजरेनं माझ्याकडे बघताय त्यावरून कळतंय, यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

अध्यक्षमहाशय, त्या गोड शब्दांच्या कागदामागे मी खुर्चीत बसल्या बसल्या माझा जबाब लिहिलाय. खाली सही आहे. हा घ्या. माझ्यावर काय करायची ती कारवाई करा. पण तो दाखला आज यांच्या घरी जाता कामा नये. ऑफिस समोरच आहे, नवा टाइप करायला किती वेळ लागतो? तोवर पानं मांडू नका. आम्ही थांबतो. थांबणार ना रे?

ऐकलंत, साहेब?

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. ते मी सभागृहाला म्हणणार नाही. जनूदादा, एकोणीस वर्षं तुम्ही माझी चूक पोटात घातलीत. आता ती माझी मला परत द्या.