मागची सायकल

मुलगी : हे जाकीट बाबांना मी दिलं होतं. पाठीवर ही चमकती पट्टी कुणी लावली?

शिंपीण : मीच शिवली, ताई. आमचा धंदाच तो.

मुलगी : न विचारता?

शिंपीण : अहो, तेच घेऊन आले. म्हणाले, "बाळ, पाठीवर काहीतरी लाव. मी कुणाला दिसत नाही."

मुलगी : बाळ?

शिंपीण : सगळ्यांनाच म्हणायचे.

मुलगी : सगळ्यांना नाही. मला नावानं हाक मारायचे. नऊ वर्षं रोज पहाटे तुम्ही त्यांच्या मागे सायकलवर. माझ्या वाट्याला रविवारचा फोन, तोही पाच मिनिटं.

शिंपीण : गप्पा कसल्या हो त्या गाड्यांच्या गोंगाटात! ते पुढे, मी मागे, माझ्या हेल्मेटवर कॅमेरा. कुणी अंगावर गाडी घातली की ते मोठ्यानं नंबर म्हणायचे. पाटी धूसर आली तरी आवाज राहतो ना. घरी जाऊन मी ती क्लिप पोलिसांना पाठवायचे, मग गाडीवाल्याच्या घरी टपालानं नोटीस जायची. दुसऱ्या दिवशी ठरलेलं, "पाठवलंस का?" बास.

मुलगी : माझ्याकडे त्यांचा आवाजच नाही. तापाचे चार दिवस, आणि संपलं. तुमच्याकडे नऊ वर्षांचा साठा आहे.

शिंपीण : म्हणून तर हा पेनड्राइव्ह आणलाय. पाठवलेल्या सगळ्या क्लिप आहेत. बासष्ट.

मुलगी : त्यांच्या डायरीत 'पाठवलं' म्हणून त्रेसष्ट तारखा आहेत.

शिंपीण : मोजताना चुकलं असेल काहीतरी.

मुलगी : जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. मोजण्यात चुकणारा माणूस नव्हता. एक स्वतःसाठी ठेवलीत?

शिंपीण : असं नका बोलू.

मुलगी : मग द्या.

शिंपीण : ती मी पाठवलीच नाही. त्यांना मात्र सांगितलं, पाठवली म्हणून.

मुलगी : का?

शिंपीण : पांढरी गाडी होती. इतकी जवळून गेली की आरसा त्यांच्या कोपराला घासला. थांबली पण नाही.

मुलगी : मग ती तर आधी पाठवायची!

शिंपीण : तुमची होती, ताई. त्यांनीच सांगितलं मला.

मुलगी : माझी? मी बाबांना ओळखलं नसतं?

शिंपीण : उजाडायचं होतं. अंगात हे गडद निळं जाकीट. कसे दिसणार? दुसऱ्याच दिवशी पट्टी लावायला घेऊन आले.

मुलगी : आणि तरी म्हणाले, पाठव?

शिंपीण : "नोटीस गेली की ती चिडून मला फोन करेल, मग बोलू आम्ही," म्हणाले. माझा हात धजेना. लेकीच्या मागे पोलीस कशाला, म्हटलं.

मुलगी : कधीची गोष्ट?

शिंपीण : दोन वर्षं होतील.

मुलगी : दोन वर्षं दर रविवारी विचारत होते, "काही टपाल आलं का?" मला वाटायचं, वय झालं. मी म्हणायचे, "नाही बाबा, काही नाही."

शिंपीण : अगं बाई.

मुलगी : मी लपवतेय असंच वाटत राहिलं त्यांना. शेवटच्या रविवारपर्यंत. ते भांडण तरी माझं होतं. तेही तुम्ही ठेवून घेतलंत.

शिंपीण : चुकलं माझं.

मुलगी : लावा ती.

(शिंपीण फोनवर क्लिप लावते. चाकांची घरघर, एका गाडीचा आवाज, मग एक सावकाश स्वर : "चार, शून्य, नऊ, दोन.")

मुलगी : थांबवा. मान खाली आहे त्यांची. कोपर धरलंय. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही.

शिंपीण : तुमचा नंबर बघावा लागतोय होय त्यांना!

मुलगी : ...पुन्हा लावा.

शिंपीण : लावते.

मुलगी : आता ही पाठवून द्या.

शिंपीण : तक्रारीला चौदा दिवसांची मुदत असते, ताई. घेणार नाहीत.

मुलगी : तसं पत्रानं कळवतील ना? पत्ता माझा घाला. काहीतरी टपाल येऊ दे.