एका झोपेचं अंतर

...आणि वर मलाच म्हणतो, "बाबा, तुम्ही उगाच लांब लांब करता!" मी करतो? अहो, उभं आयुष्य मी बस चालवली, आणि अंतर म्हणजे काय ते मला हा शिकवणार! कोण काय विचारता? आमचे चिरंजीव! समुद्रापलीकडे असतात. गेला तेव्हा विमानतळावर आईचा हात धरून म्हणाला, "रडतेस काय, आई? डायरेक्ट विमान आहे. बसलं, जेवलं, एक झोप काढली की घरी!" झालं! हिनं तेच धरून ठेवलं. कुणी विचारलं, मुलगा कुठं असतो, तर ही देशाचं नाव सांगत नाही, गावाचं नाही, "एका झोपेवर असतो," म्हणते! जसा काही मागच्या गल्लीतच राहतो...

म्हटलं, बघू तरी. मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली की अंतर येतं, वेळ येतो, सगळं येतं. तेरा हजार किलोमीटर, सोळा तास! आता सोळा तास कोण झोपतं? हिचा भाऊ सोडला तर कुणी नाही! पण तुम्हाला सांगतो, तो मोबाइल मधले थांबे दाखवत नाही हो. 'रजा मंजूर नाही' हा एक थांबा. 'सुनेची परीक्षा' हा दुसरा. आणि 'पुढच्या सुट्टीत बघू' हा तर शेवटचा स्टॉपच, गाडी पुढे जातच नाही! दहा वर्षांत एकदाही आला नाही. आणि म्हणे डायरेक्ट! म्हणे एक झोप!

परवा हिच्या पोटातली गाठ काढायचं ठरलं. फोन केला. "येतोच, बाबा. एकच तर झोप!" मी गाढव, पुन्हा विश्वास ठेवला. त्याची खोली झाडली, पलंगावर नवी चादर घातली, विमानतळावर जायला शेजाऱ्याची गाडी मागून ठेवली. आदल्या संध्याकाळी मेसेज... मेसेज बरं का, फोनसुद्धा नाही! "बाबा, कामात अडकलोय. आईला आत्ता सांगू नका." आईला सांगू नका! मग कुणाला सांगू, सर्जनला?

सकाळी तिला आत नेत होते, तर स्ट्रेचरवरून हसून म्हणते, "अहो, मला भूल देणार. म्हणजे एक झोपच की! मी उठेपर्यंत तो पोचेल." मी हो म्हणून मान हलवली.

दुपारी बाहेर आणली. डोळे अर्धवट उघडले. दुखतंय नाही, पाणी द्या नाही, पहिला शब्द काय? "आला?" म्हटलं, "निघालाय. विमानात आहे. झोपला असेल." तर म्हणते, "झोपू दे हो, दमला असेल!" आणि पुन्हा डोळे मिटले. असा संताप आला मला त्याचा, आणि खरं सांगतो, तिचाही...

तेवढ्यात नर्स आली. "काका, त्यांना बोलायला लावू नका. भूल उतरायला वेळ लागतो."

म्हटलं, "माहितीय, सिस्टर. माझी उतरायला दहा वर्षं लागली."