गुलखानच्या हातची पट्टी

अन्याय झाला गुलखानवर. गेल्या सप्टेंबरात, शनिवारी, दुपारच्या असरच्या नमाजाची बांग होऊन पाच मिनिटं झाली असतील, दुबईच्या करामा भागातल्या आमच्या दुकानासमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत. नाव आणि वेळ आधी सांगतो, कारण लोक असली गोष्ट ऐकतात, अरेरे म्हणतात आणि कुणाचं काय झालं तेच विसरतात.

मी तासगावचा. आयटीआय केलं, पुण्यात गाड्यांच्या शोरूमला दोन वर्षं काढली आणि ओळखीच्या एकानं इथं लावून दिलं. आमचं काम म्हणजे गाडीच्या दाराच्या कडेला ती पारदर्शक पट्टी चिकटवायची, पार्किंगमध्ये दार उघडताना खांबाला, शेजारच्या गाडीला लागलं तर रंग उडू नये म्हणून. ऐकायला पोरखेळ वाटतो, वाटू दे. आल्या दिवशी मी पहिली पट्टी लावली, चांगली ताणून, कशी सरळ दिसत होती, आणि गुलखाननं येऊन सोलून काढली. म्हणाला, मराठा, तानेगा तो गरमी में वापस सिकुड़ेगा, दोनों सिरा खुलेगा, पट्टी को खींचो मत, बिठाओ. हा पेशावरकडचा, साठीला आलेला, दाढी मेंदीनं लाल. मी त्याला खानचाचा म्हणतो.

काय सांगू तुम्हाला त्याचा हात. दार आधी सावलीत गार होऊ द्यायचं, कड स्पिरिटनं पुसायची, मग वरून खाली अंगठ्यानं दाबत दाबत यायचं, घाई नाही, गिऱ्हाईक यल्ला यल्ला करत असलं तरी नाही, आणि शेवटी म्हशीच्या पाठीवर मारतात तशी दारावर थाप मारायची, जा बेटी. प्रत्येक गाडी अशी सासरी पाठवल्यासारखी पाठवायचा. एकदा मी त्याला गावचा ठेचा दिला, हे तर काहीच नाही म्हणाला, आणि मग तासभर पाण्याच्या कूलरपाशीच उभा, वर मलाच शिव्या, ये तो दुश्मन को भी मत खिलाना.

आता आपल्या लोकांचं सांगतो. मनखूलचे, अल बर्शाचे मराठी लोक नवीन गाडीची पूजा करतात आणि तशीच ती आमच्याकडे आणतात, नारळ फुटलेला, हार घातलेला, दारांना कुंकवाची बोटं. चाचानं एकदा ते पुसलं तर एक ताई रडायच्याच बाकी राहिल्या. मग मीच त्याला शिकवलं, चाचा, आमचं कुंकू पुसायचं नाही. मी शिकवलं, हे लक्षात ठेवा.

त्या शनिवारी अल बर्शाचे एक पुणेकर साहेब आले. पांढरी गाडी, मे महिन्यात चाचानं पट्ट्या लावलेल्या, मागच्या दाराच्या पट्टीखाली तांबडा ओघळ. साहेब ओरडले, यानं पट्टी कापताना ब्लेड मारलंय, रंग फाटलाय, गंज चढलाय बघा. चाचा वाकून बघत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, खलास, आजपासून तू गाड्यांच्या मॅट धुवायच्या. मी शारजाला माल आणायला गेलो होतो, हे सगळं दुकानातल्या पोरांकडून मागाहून कळलं; परत येतो तर हा माणूस बादलीपाशी. आणि साहेबांनी घरी पोचायच्या आत मराठी लोकांच्या ग्रूपवर टाकलेलं, करामातल्या या म्हाताऱ्या पठाणाला गाडीला हात लावू देऊ नका. सोबत फोटो. गंजाचा नाही, त्याचा.

मी विचारलं, चाचा, ब्लेड लगा क्या? म्हणाला, नहीं बच्चे, वो टीका था, तुम बोला था मत पोंछो, तो मैं बाजू से साफ किया और ऊपर पट्टी बिठाया. मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, मैं बोलता तुम्हारा पूजा से हुआ, तो वो पहले मेरा दाढ़ी देखता, फिर बात किधर जाता?

मीच साहेबांना फोन केला, पट्टी फुकट बदलून देतो, या म्हटलं. पुढच्या शनिवारी आले, बायको-मुलीला घेऊन. गरम हवा मारून पट्टी सोलली, ओलं फडकं फिरवलं, खाली रंग जसाच्या तसा, चकचकीत, आणि फडकं लाल. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, ममा, दॅट्स युअर कुंकू! वहिनींनी फडकं हातात घेतलं, अगं बाई, अहो हे मीच लावलं होतं, आणि तुम्ही वरून नारळाचं पाणी ओतलंत. साहेब इतके मोकळे हसले. मला म्हणाले, थँक यू हां भाऊ. वहिनी चाचाकडे दोन पावलं गेल्यासुद्धा, तर साहेब म्हणाले, चल गं, ट्रॅफिक लागेल.

मॅनेजरला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, मला पटलं रे, पण रोज कुणीतरी मोबाइल पुढे धरतं, वो बुड्ढा तो नहीं ना लगाएगा? ग्रूपवर तो मेसेज तसाच आहे. साहेबांना तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा वाचल्याच्या निळ्या खुणा, उत्तर नाही. चाचा म्हणतो, छोड़ो, अल्लाह उनको खुश रखे, बच्ची अच्छी है उनकी. तो सोडू शकतो, त्याचं मन मोठं आहे. माझं नाही. त्याच्या जागी आता पट्ट्या मी लावतो, आणि एखादी त्याच्यासारखी नीट बसली की जास्तच वाईट वाटतं.

तुम्ही त्या ग्रूपमध्ये असाल. तो फोटो बघून अंगठा दिला असेल, पुढेही पाठवला असेल. मग आता फोन काढा आणि तिथंच लिहा, गुलखाननं ब्लेड मारलं नव्हतं, ते आपलं कुंकू होतं, आपला मान राखून त्यानं ते पुसलं नाही. आणि गाडी घेऊन याल तेव्हा मॅनेजरला नाव घेऊन सांगा, पट्टी गुलखान लावेल, दुसरा कुणी नको.